फुलपाखरांचे स्थलांतर : आमच्या वरकसावरील एक निरीक्षण
(द्वितीय वर्ष, कला)

स्थलांतर हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर पक्षी येतात. शिवडीच्या खाडीतील रोहित पक्षी पाहायला मुंबईचे लोक दुर्बिणी घेऊन जातात. आमच्या भागातल्या माणसाला मात्र स्थलांतर म्हटले की आधी माणसेच आठवतात. शेजारच्या वाडीतील कातकरी कुटुंबे दिवाळी झाली की बिऱ्हाड टेम्पोत घालून वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. माझ्याबरोबर चौथीपर्यंत शिकलेली दोन मुले अशीच शाळेतून गेली व पुन्हा आली नाहीत. फुलपाखरांचाही असा काही जाण्यायेण्याचा क्रम असतो, आणि तो कातकऱ्यांच्या बरोबर उलटा असतो, हे मला कॉलेजात येईपर्यंत माहीत नव्हते. घरात मात्र एक माणूस ते जाणत होते. ती माझी आजी.

आमचे गाव खालापूर तालुक्यात, कर्जत-खोपोली रेल्वेमार्गावरील केळवली आणि डोळवली या स्टेशनांच्या मधल्या पट्ट्यात येते. पश्चिमेला भाताची खाचरे, मग वरकस, त्यापुढे जंगल आणि त्याच्यामागे पूर्वेला घाटाची भिंत. ही भिंत अर्धा किलोमीटरहून अधिक उंच आहे. तिच्या माथ्यावर खंडाळा-लोणावळा, उत्तरेकडे राजमाची. भिंतीच्या खाली आम्ही. आमचे साडेअकरा गुंठे वरकस या भिंतीकडे तोंड करून पडलेले आहे. पूर्वी तिथे नाचणी होत असे, आता राबासाठी गवत आणि कवळ यांपलीकडे काही मिळत नाही. एक ऐन, एक मोह, करवंदीच्या जाळ्या, बांधावर चढलेली हिरणदोडीची वेल आणि एका कोपऱ्यात घागरीची, म्हणजे खुळखुळ्याची, दाट झुडपे. शेतकऱ्याच्या हिशेबी ही जमीन पडीकच.

दर वर्षी मे महिन्यात आजी अंगणात बसून डोंगराकडे पाहते आणि म्हणते, "पाकोल्या घाट चढाया लागल्या, राब भाजून घ्या." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, पण त्यात पाहण्यासारखे काही आहे असे कधी वाटले नव्हते. गावात इतर कोणाच्या तोंडून मी ते ऐकलेले नाही. आजी माहेरची कर्जत तालुक्यातील, खांडसच्या बाजूची, भीमाशंकरच्या पायथ्याची. ते शहाणपण तिकडून आले असावे.

दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय निवडायचा होता. वर्गातील बहुतेकांनी नदीचे प्रदूषण, प्लास्टिक आणि माथेरानचे पर्यटन असे विषय घेतले. मी भूगोलाच्या सरांना आजीचे वाक्य सांगितले. सर हसतील असे वाटले होते, पण त्यांनी ग्रंथालयातून एक पुस्तक काढून दिले आणि म्हणाले, "आजी बरोबर असतील किंवा नसतील. तू मोजून ये."

त्या पुस्तकातून व पुढे सरांनी दिलेल्या इतर वाचनातून जे समजले ते थोडक्यात असे. फुलपाखरांच्या प्रवासाकडे जगाचे लक्ष फार पूर्वीच गेले होते. सी. बी. विल्यम्स यांनी या विषयावर १९३० साली स्वतंत्र ग्रंथ लिहिला. उत्तर अमेरिकेतील मोनार्क फुलपाखरे हिवाळ्यात कोठे जातात हे कोडे तर १९७५ साली सुटले. फ्रेड अर्कहार्ट या प्राध्यापकांनी अनेक वर्षे फुलपाखरांच्या पंखांना कागदी चिठ्ठ्या डकवून त्यांचा माग काढला, आणि अखेर त्यांच्या मदतनीसांना मेक्सिकोच्या डोंगरातील झाडांवर कोट्यवधी फुलपाखरे लगडलेली सापडली. मोनार्क रुईच्या कुळातील वनस्पतींवर वाढते. आपल्याकडचे ब्लू टायगर आणि क्रो ही त्याचीच भावंडे, एकाच घराण्यातली.

आपल्या देशात या घराण्यातील फुलपाखरे नैर्ऋत्य मोसमी पाऊस येण्यापूर्वी पश्चिम घाटातून पूर्वेच्या मैदानांकडे जातात व पाऊस सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात घाटाकडे परततात. दक्षिण भारतातील या प्रवासाचा अभ्यास कृष्णमेघ कुंटे यांनी २००५ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. ही संस्था १८८३ सालची आणि आमच्यापासून लोकलने दोन-अडीच तासांवर आहे, पण तिचे नाव मी प्रथम त्याच दिवशी ऐकले. अशा प्रवासाचे कारण समजायला आमच्या भागातील माणसाला फार कष्ट पडू नयेत. घाटाच्या पायथ्याला आणि माथ्यावर पावसाळ्यात तीन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. ऊन मिळाल्याशिवाय फुलपाखराचे अंग तापत नाही, आणि अंग तापल्याशिवाय त्याला उडता येत नाही. घाट ओलांडून पूर्वेला गेले की पाऊस झपाट्याने कमी होतो. पुण्यात तो सातशे मिलीमीटरच्या आसपास असतो. तिकडे हलक्या सरींवर पालवी फुटते, अळ्यांना कोवळा पाला मिळतो आणि मधूनमधून ऊनही पडते. म्हणजे मुसळधार पावसातून निघून रिमझिम पावसात जाणे, इतका तो सरळ व्यवहार आहे. जे जाते तेच परत येते असे नव्हे. परतणारी बहुधा त्यांची मुले-नातवंडे असतात.

पण कुंटे यांचा अभ्यास दक्षिणेचा. आमचा सह्याद्री उत्तरेचा. तिकडचा नियम इकडे तसाच लागू धरून प्रकल्प लिहिला असता तर दोन दिवसांत पुरा झाला असता, आणि तो खोटा झाला असता.

आता पद्धतीविषयी. फुलपाखरे मोजण्यासाठी जाळे, दुर्बीण वा कॅमेरा यांपैकी काहीच लागत नाही. दोन ठळक खुणांच्या मधली रेघ मनात धरायची. माझ्यासाठी ऐन आणि मोह या दोन झाडांमधली वीस पावलांची जागा ही रेघ. ती उत्तर-दक्षिण आहे, त्यामुळे ती ओलांडणारे फुलपाखरू एक तर पूर्वेला घाटाकडे जाते नाही तर पश्चिमेला खाचरांकडे. दहा मिनिटे एका जागी उभे राहायचे आणि रेघ ओलांडणाऱ्या प्रत्येकासाठी वहीत उभी काडी मारायची. पूर्वेचा रकाना वेगळा, पश्चिमेचा वेगळा. रेघेपाशी येऊन मागे वळले तर ते धरायचे नाही. वेळ, ऊन-ढग आणि वारा यांची नोंद करायची. वाऱ्यासाठी माझ्या धाकट्या बहिणीने जुन्या ओढणीची पट्टी फाडून काठीला बांधली. ती यंदा दहावीला आहे. काड्या मारण्याचे काम तिनेच केले, कारण मी वहीत पाहिले की फुलपाखरू निसटायचे.

जाती ओळखणे हे काम त्याहून अवघड. उडणाऱ्या फुलपाखरात ब्लू टायगर आणि डार्क ब्लू टायगर यांतला फरक मला सांगता येत नाही. दोघांच्याही काळसर पंखांवर निळसर पट्टे-ठिपके असतात. दुसऱ्याचा रंग अधिक गडद आणि निळे भाग अरुंद, एवढेच. ती बसली तर सांगता येईल. क्रो या तपकिरी-काळ्या फुलपाखरांतही अनेक जाती आहेत. म्हणून मी वहीत 'निळे', 'काळे' आणि 'पिवळे' असे तीनच रकाने केले. पिवळे म्हणजे एमिग्रंट या नावाची लिंबोणी-पांढुरकी फुलपाखरे. एमिग्रंट म्हणजे आपला मुलूख सोडून जाणारा. या फुलपाखरांच्या अळ्या बहाव्यावर आणि टाकळ्यावर वाढतात. पावसाच्या आरंभी आपण जी टाकळ्याची भाजी खातो, तिच्यावर त्यांचाही हक्क आहे.

१० आणि ११ मे २०२५ हे माझ्या मोजणीचे पहिले दोन दिवस. दोन्ही दिवशी शेकड्याने काड्या पडल्या, आणि पूर्व-पश्चिम जवळजवळ सारख्या. मी निराश झालो. आजीचे वाक्य खोटे ठरले असेच वाटले. संध्याकाळी सरांना फोन केला. त्यांनी दोन प्रश्न विचारले. "तीच फुलपाखरे पुन्हा पुन्हा मोजतोयस का?" आणि "वारा कुठला?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या सकाळी मिळाले. मी उभा होतो तिथून पाच पावलांवर वाळलेल्या घागरीची झुडपे होती. निळी फुलपाखरे त्या वाळक्या काड्यांवर बसून सोंडेने काहीतरी चोखत होती, उडत होती, फिरून तिथेच बसत होती. हे नर असतात. घागरीत, भुरुंडीत आणि अशा काही वनस्पतींत एक विषारी क्षार असतो. मादीला आकर्षून घेणारा गंध तयार करण्यासाठी नरांना तो लागतो, आणि त्यामुळे पक्षीही त्यांना खायला धजत नाहीत. वाळक्या काडीला मध नाही, फूल नाही, तरी तिच्यावर इतकी गर्दी का याचा उलगडा झाला. म्हणजे मी जत्रेच्या दारात उभा राहून प्रवासी मोजत होतो! दोन दिवसांच्या नोंदी मी रद्द केल्या आणि रेघ सुमारे साठ पावले वर, घागरीपासून दूर नेली. वर ऐन-मोह म्हटले ती ही नवी रेघ. पहिली रेघ बांधावरच्या करवंदीपाशी होती.

१२ ते १८ मे या आठवड्यात एक सकाळ सरीत गेली. उरलेल्या सहा सकाळी, रोज नऊ आणि साडेदहा वाजता, दहा-दहा मिनिटे मोजले. निळे आणि काळे मिळून पूर्वेला गेले १८७, पश्चिमेला ५८. पिवळे पूर्वेला ७१ आणि पश्चिमेला ६६.

पिवळ्यांचा आकडा प्रथम मला निरुपयोगी वाटला होता. सरांनी वही पाहून सांगितले की तोच सर्वांत उपयोगी आहे. त्याच रेघेवर, त्याच वेळी आणि त्याच वाऱ्यात पिवळी फुलपाखरे दोन्हीकडे सारखी उडत होती. माझ्या उभे राहण्यात किंवा जागेच्या उतारात काही खोट असती तर ती पिवळ्यांतही दिसली असती. अर्थात याचा अर्थ पिवळे प्रवास करत नाहीत असा नाही. त्यांचेही मोठे थवे प्रवास करताना अनेक ठिकाणी पाहिले गेले आहेत. त्या आठवड्यात, आमच्या माळावर, त्यांना कुठे जायचे नव्हते एवढेच.

राहिला वारा. मे महिन्यात आमच्याकडे वारा पश्चिमेचा, म्हणजे घाटाकडे जाणारा. मग निळी फुलपाखरे जात होती की नेली जात होती? वाऱ्याचा जोर उंचावर अधिक आणि जमिनीलगत, झुडपांच्या आडोशाला, कमी असतो. फुलपाखरू जोवर या खालच्या थरात उडते तोवर दिशा त्याच्या हाती असते; वर गेले की वारा नेईल तिकडे. माझ्या नोंदीतील बहुतेक निळी फुलपाखरे माणसाच्या डोक्याच्या वर-खाली उडत होती. शिवाय दोन सकाळी ओढणीची पट्टी अगदी लोंबत राहिली होती. केवळ त्या दोन सकाळींचा हिशेब केला तर पूर्वेला ४९ आणि पश्चिमेला १५. वारा नसतानाही ती घाटाकडेच जात होती. एका गावातील एका रेघेवरून फार मोठे विधान करू नये हे मला कळते. तरी त्या आठवड्यात निळी-काळी फुलपाखरे आमच्या वरकसावरून घाट चढत होती, हे मी खात्रीने लिहू शकतो.

माझा विचार ५ जूनपर्यंत मोजण्याचा होता. पण २०२५ साली पावसाने सगळ्यांचेच बेत मोडले. मुंबईत मोसमी पाऊस ११ जूनच्या सुमारास यायचा, तो २६ मे रोजी दाखल झाला आणि त्याआधीचा आठवडाही पावसातच गेला. वही छत्रीखाली धरून उभे राहण्यात अर्थ नव्हता. आकाशात एकही पाकोळी नव्हती.

इथे घरातली एक गोष्ट सांगावी लागेल. आजी १२ तारखेपासून राब भाजून घ्या म्हणत होती. बाबा म्हणाले, "अजून म्हयना हाय." बाबा खोपोलीच्या एका कारखान्यात कंत्राटी कामाला आहेत, सुट्टी मिळेल तेव्हाच शेत होते. १८ तारखेच्या रविवारी त्यांनी अर्धा राब भाजला. उरलेल्या अर्ध्यावरचे कवळ, शेण आणि पाचोळा पावसात भिजून लगदा झाला, आणि त्या वाफ्यात रोपांपेक्षा तणच जास्त उगवले. आजी काही बोलली नाही. बाबाही बोलले नाहीत. एका वर्षाच्या योगायोगावरून फुलपाखरांना हवामान खाते ठरवणे चुकीचे होईल, असे मी प्रकल्पात लिहिले आहे. ते वाक्य मी आजीला वाचून दाखवले. ती म्हणाली, "तुजा सर सांगंल तसं लिव बाला. राब तर भिजला ना?"

ऑक्टोबरची मोजणी दिवाळीच्या सुट्टीत, १८ ते २४ तारखांना केली. तोच ऐन, तोच मोह, तीच पट्टी. गवत कमरेएवढे होते आणि घागरीला पिवळी फुले आली होती. यावेळी वारा सकाळी घाटावरून खाली येणारा. सात सकाळींत निळे-काळे मिळून पश्चिमेला १०३ आणि पूर्वेला ६४. ऐकायला बरे वाटते. पण वारा नसलेल्या तीन सकाळी वेगळ्या काढल्या तर पश्चिमेला ३१ आणि पूर्वेला २७, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. शिवाय त्या दिवसांत हिरणदोडीवर त्यांचे कोष सापडले होते. म्हणजे दिसणाऱ्यांपैकी किती घाटावरून उतरलेली आणि किती इथेच जन्मलेली हे माझ्या पद्धतीने वेगळे काढता येत नाही. परतीचा प्रवास मला दाखवता आला नाही. प्रकल्पाच्या शेवटच्या पानावर मी तसेच लिहिले. एका मित्राने सल्ला दिला होता की तीन सकाळींचा तो हिशेब गाळून टाक, कोण पाहणार आहे. खरे सांगायचे तर एक रात्र तो विचार माझ्याही मनात घोळला होता. पण मेच्या शांत सकाळी मोजल्या आणि ऑक्टोबरच्या लपवल्या, तर मेच्या तरी कोणी का मानाव्यात?

त्याच आठवड्यात संध्याकाळी आकाशात चतुरांचे ढग उठत. त्यांच्यातील एक पिवळसर जात भारतातून मालदीव बेटांवरून समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेला जाते, असा निष्कर्ष चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली मांडला आहे. खोपोलीच्या आकाशातला चतुर आफ्रिकेला जाणार असेल तर लोणावळ्याला जाणाऱ्या पाकोळीचे काय नवल, असे माझी बहीण म्हणाली. तो मात्र वेगळ्या प्रकल्पाचा विषय आहे.

या लेखाच्या निमित्ताने वाचकांना एक विनंती आहे. आपल्या कॉलेजात नेरळ, कशेळे, खांडस, कर्जत, चौक, खोपोली अशा चहूकडच्या गावांतून मुले येतात. येत्या मे महिन्यात ११ ते २० या तारखांना प्रत्येकाने आपापल्या गावी अशी एक रेघ धरली आणि रोज फक्त वीस मिनिटे दिली, तर एका रेघेच्या दहा रेघा होतील. काठी, चिंधी आणि वही एवढाच खर्च. फुलपाखरू पकडू नये आणि घागरीच्या जवळ उभे राहू नये. माझ्या वहीची प्रत भूगोल विभागात ठेवली आहे.

माझी स्वतःची रेघ मात्र यंदा असणार नाही. वरकसाचा व्यवहार ठरला आहे. आमच्या दोन्ही बाजूंच्या जमिनी आधीच फार्महाऊससाठी गेल्या आहेत. मधल्या पट्टीला वाट राहिली नव्हती आणि बहिणीच्या अकरावीचा खर्च समोर होता. मी बाबांना एवढेच म्हटले की दोन वर्षे तरी मोजायला हवे होते. बाबा म्हणाले, "पाकोल्या मोजून फी भरत न्हाईत रं." यात त्यांचे काही चुकले असे मला म्हणता येत नाही, कारण ज्या फीविषयी ते बोलत होते ती माझीही होती. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्या पायरीचा दगड कुठल्या ना कुठल्या जमिनीतूनच काढलेला असणार.

मोजणीवाले येऊन गेले. हद्दीचा एक दगड बरोबर ऐनाच्या बुंध्याशी बसला. इसार घेतला त्या दिवशी संध्याकाळी बाबा कधी नव्हे ते माझ्याबरोबर माळावर आले. "तुजी रेघ कंची?" त्यांनी विचारले. मी ऐनापासून मोहापर्यंत चालून दाखवली. त्यांनी हिरणदोडीच्या सुकलेल्या शेंगा कोयत्याने उतरवून माझ्याकडे दिल्या. घागरीच्या शेंगा बहिणीने ओढणीत बांधून आणल्या. चालताना त्या खुळखुळ वाजत होत्या. आजीने दोन्ही बिया पडवीत मडक्यात घालून ठेवल्या आहेत, पहिल्या पावसावर परसातल्या कुंपणाला टाकणार म्हणते.

मे महिन्यात रेघ कुठे धरायची हे अजून ठरलेले नाही. नव्या तारेच्या कुंपणाबाहेर, रस्त्याच्या कडेला विजेचे दोन खांब आहेत. तेही उत्तर-दक्षिणच आहेत असे बहिणीने मोबाईलवर पाहून ठेवले आहे. अंतर मात्र चाळीस पावले भरते, त्यामुळे एकाच्या ऐवजी दोघांनी मोजावे लागेल.